कुंकवासकट

देवास, ता. ७ एप्रिल १९०७, रविवार

सापडलं एकदाचं. तीन आठवडे झाले ह्या गावात येऊन. देऊळ नाही अशी गल्ली दिसली नाही, पण गिरजाघर कुठं म्हणून विचारलं की लोक माझंच तोंड बघतात. धारेस होतो तेव्हा निदान घंटा तरी ऐकू यायची. हे नेमावरच्या वाटेवर मोऱ्या बांधायला गेलेत, ओव्हरसियरचं काम, महिना महिना घरी नाहीत. जाताना म्हणाले, विचारत विचारत जा, असेल कुठंतरी. दूधवाल्याला विचारलं तर, "गिरजा? वो तो साब लोगों का होवे, इंदौर तरफ."

शेवटी गाण्याच्या आवाजामागं गेले. चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीपलीकडे एक कौलारू खोली. ढोलकीवर हिंदी भजन, पण नाव आपल्या प्रभूचं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

दारात एक तरणी बाई उभी. माझं नऊवारी बघितलं, कपाळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, मंदिर उधर है."

म्हटलं, मला इथंच यायचंय. ख्रिस्ती आहे मी, जन्माची. ती माझ्या कुंकवाकडं बघत राहिली, दारातून हलली नाही. मग मीच अंग चोरून आत शिरले नि बायकांत जाऊन बसले. सतरंजी कोणी सरकवली नाही. जमीन गार होती, बरं वाटलं.

ता. ९

त्या बाईचं नाव मार्था. नवरा मसीहदास, इथला उपदेशक. मंडळी म्हणजे वीस-पंचवीस माणसं. बरीचशी सात-आठ वर्षांमागं, संवत छप्पनच्या दुष्काळात अनाथाश्रमात गेलेली पोरं, आता मोठी झालेली. मार्थाही त्यांतलीच. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण रुबाब कलेक्टरणीचा. परवा निघताना म्हणाली, "अगले इतवार माथा साफ करके आना."

बघू कोण साफ करतं.

ता. १४, रविवार

आज हद्द झाली. दारातच अडवलं. पदराचं टोक भिजवून तयार ठेवलेलं. "बस, एक बार पोंछ दो. हम सब ने बपतिस्मे के दिन पोंछी है." आणि हात कपाळापर्यंत आणला की माझ्या.

मनगट धरलं तिचं. म्हटलं, मार्थाबाई, हे माझ्या नवऱ्याच्या नावाचं आहे. तो धडधाकट जिवंत आहे, दोन वेळा भाकरी खातो. जिवंत नवऱ्याच्या बायकोचं कपाळ पुसायचं ही कुठली रीत? मराठी समजतं तिला, बोलता येत नाही.

"ये देवी का निशान है."

"आमच्या आईनं हे लावून नगरच्या गिरजात चाळीस वर्षं प्रार्थना केली. तिला कुठली देवी येऊन भेटली नाही."

हात सोडला तेव्हा तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ. आत जाऊन बसले. उपदेशातलं एक अक्षर ऐकलं नाही.

ता. १८

बयोकाकूंकडे चैत्राचं हळदीकुंकू. काकू शेजारच्या, यजमान कचेरीत कारकून. आळीतली सगळी घरं त्यांच्याच परसातल्या विहिरीवर पाणी भरतात, मीही. "ओव्हरसियरीणबाई, आल्याशिवाय राहायचं नाही हं," म्हणून दोनदा बोलावणं. गेले. गौर झोपाळ्यात बसवलेली, पुढं कलिंगडाची कमळं. काकूंनी कुंकू लावलं, ओल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, आंब्याची डाळ दिली. डाळ फक्कड झाली होती.

"माहेर कुठलं तुमचं?"

"नगर."

"बोलण्यावरून वाटलंच, आपल्यातल्या."

पुढं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गौरीपुढं हात जोडले नाहीत, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी पोटभर मराठी बोललं.

ता. २१, रविवार

मसीहदास फार मऊ बोलतो. धारेचे पाद्रीसाहेब २६ मेला यायचेत, प्रभुभोजन द्यायला, भाकर नि द्राक्षरसाचा पेला. तीन-चार महिन्यांतून एकदाच येतात. मंडळीच्या पंचांचं ठरलंय की टीकी, म्हणजे माझं कुंकू, पुसली तर बहिणीला पेला मिळेल, नाहीतर नाही. "आप सोच लीजिए." पंच पाचही पुरुष. कपाळं बायकांची नि पंच पुरुष.

वाटेत मार्था मागून आली. मला वाटलं समजूत घालणार.

"तुम्हारे घर पानी कहाँ से आता है?"

सांगितलं, शेजारच्या विहिरीवरून.

"म्हें आएँ उस कुए पे? भरने देंगे?" माझ्या उत्तराची वाट न बघता पुढं म्हणाली, "तुमको टीकी देख के भरने देते हैं. हमारे को तो टीकी थी तब भी नी देते थे. परभू मिला तो सोचा, चलो, अब सब एक माथे के हुए. तुम आईं और फिर दो माथे हो गए."

आणि गेली निघून.   घरी आले ती भरलेल्या घागरीकडं बघत बसले.

ता. २२

दिवसभर तिच्याशी मनातल्या मनात भांडले. म्हणे टीकी बघून. आमची आजी महारवाड्यात कुंकू लावत होती. ते काय बामणांकडून उसनं आणलं होतं? कुंकू माझं आहे, माझ्या आजीचं, आईचं. लपायला नाही लावत मी.

पण विहिरीवर मला भरू देतात ते का, हे तिनं बरोबर ओळखलंय. हेच झोंबलं.

ता. २३

केलं. सकाळी विहिरीवर सगळ्या होत्या. घागर रिकामीच खाली ठेवली नि म्हटलं, बायांनो, एक सांगायचं राहून गेलं. माझे आजोबा महार, वडील मास्तर, आम्ही ख्रिस्ती. कुंकू लावते आणि लावणार. आता पाणी भरू का?

काकूंच्या हातून दोर सुटला, बादली धाडकन खाली.  एकीनं लेकीला ओढून मागं घेतलं. मी रिकामी घागर उचलून घरी आले.  मान ताठ होती, हे लिहून ठेवते.

संध्याकाळी काकू आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या, डोळे सुजलेले. भटजींना बोलावून विहिरीचं काय काय करावं लागलं ते सांगितलं. "अहो, माझ्या हातची डाळ खाल्लीत. सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर दिली असतीत?"

"नसती." मग पदरानं डोळे पुसत, "पण घरात मला किती बोलणी खावी लागली, तुम्हाला नाही कळायचं."

ते मात्र खरं असेल. रडत होत्या बिचाऱ्या. मला धड रागावताही येईना.

ता. २८, रविवार

मार्थाला सांगितलं, विहीर सुटली माझी. खोटं कशाला, मला वाटलं होतं ती आता दारातून बाजूला होईल. निदान हात तरी धरेल.

तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "हिम्मत करी तुमने. पर माथा तो वोई का वोई है."

हिच्यासाठी केलं का मी? थोडं हिच्यासाठीच केलं. आणि वर हे. आज भजनात हिंदी म्हटलंच नाही, मराठी गायले, सगळ्यांच्या वर आवाज काढून. ढोलकीवाला दोनदा चुकला. चुकू दे.

ता. ६ मे

पाणी नाल्यातल्या झिऱ्यावरून. अर्धा कोस. वाळू उकरायची, वाटीवाटीनं घागर भरायची. ऊन असं की केस करपतील. तिथं वस्तीतल्या बायकांची रांग. एक खेकसली, "या मराठन यहाँ काँ से आई?" मार्था रांगेत होती. मागं वळूनही न बघता म्हणाली, "मसीही है. भरने दो." आणि स्वतःची घागर सरकवून मला जागा केली.

झिऱ्यावर मसीही आणि गिरजाघरात मराठीण. कमाल आहे बाईची.

ता. १२, रविवार

गेले. बसले. आले.

काकू दिसल्या की दार लावून घेतात. दूधवाला आता लांबून धार धरतो. धरू दे, दूध तेच आहे.

ता. १९, रविवार

हे आले दोन दिवसांसाठी, काळे ठिक्कर पडलेत. सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "अगं, माझं आयुष्य काय तुझ्या कपाळाला टांगलंय? पूस नि मोकळी हो. पेला महत्त्वाचा."

"तुमचं आयुष्य देवाच्या हातात. कपाळ माझं."

"मग एवढा हट्ट कशासाठी, ते तरी सांग."

 भाकऱ्या थापता थापता सुचलं. म्हटलं, देवाच्या घरी शिरायचं तर आधी विधवेचं कपाळ कर, असं सांगणाऱ्यांपुढं मी वाकणार नाही. आणि विहिरीवाल्यांपुढं तर वाकलेच नाही. एकदा एकीकडं वाकले की दुसरीकडंही वाकवतील.

"नगरचं पाणी," म्हणाले नि हसले. मग गंभीर होऊन, "एकटी पडशील, सगुणा."

पडलेच आहे, म्हटलं. पेला मला हवाय, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. धार सोडल्यापासून प्रभुभोजन नाही. त्याच्यासाठीच तर गावभर हिंडले मी. नुसत्या भांडणासाठी कोण ह्या उन्हात जाईल.

ता. २५

पाद्रीसाहेब आले, टांग्यातून उतरले ते धुळीनं पांढरे. मला नि पंचांना समोरासमोर बसवलं. म्हणाले, मेरी नज़र में यह पाप नहीं है. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात पुढं म्हणाले, पण मंडळीचा विवेक मोठा, पंच म्हणतील तसं. म्हणजे हात झटकले.

पंचांनी सांगितलं, बैठिए, मना नहीं है. भाकर आणि पेला मात्र माझ्यावरून पुढं जाईल. बायकांच्या बाजूला पेला हातोहात फिरतो, तेव्हा मार्थाला बजावून ठेवलं.

तिनं मान हलवली की नुसती खाली घातली, मला दिसलं नाही.

ता. २६, रविवार

सकाळी न्हाले. रोज लावते त्याच्या दुप्पट मोठं लावलं. गेले ती सरळ मार्थाच्या शेजारी जाऊन बसले. ती दचकली, पण सरकली नाही.

भाकर मसीहदासनं स्वतः वाटली. मला वगळलं.  मग पेला. पुढच्या ओळीतून मार्थाकडं आला, तिनं ओठाला लावला. आता माझ्या पलीकडच्या बाईला द्यायचा.

दिला नाही. मी हात पुढं केला. माझ्याही हातात दिला नाही. आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

क्षणभर वाटलं, उचलावा. कोण अडवणार होतं?  पण नाही. हळूच म्हटलं, "जमिनीवरचा नाही उचलणार मी. हातात दे." तिला अगं-तुगं करायची माझी पहिलीच वेळ.

तिचा चेहरा असा झाला की लिहिता येत नाही. तिला जन्मभर लोकांनी सगळं जमिनीवर ठेवूनच दिलंय. हे तिला मी काय सांगायचं, तिचं तिलाच कळलं. पेला चटकन उचलला, दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता देते.

एक पंच खाकरला. मसीहदास म्हणाला, "मार्था, आगे बढ़ाओ." हलली नाही. पाद्रीसाहेब डोळे मिटून उभे. तिनं पेला मलाही दिला नाही नि पुढंही पाठवला नाही, मांडीवर धरून बसून राहिली, शेवटचं गाणं संपेपर्यंत. पलीकडच्या दोघीतिघी तशाच राहिल्या.

बाहेर पंच तिला फाडून खात होते. ती ऐकून घेत होती. मग एकटीच माझ्याकडं आली. उन्हात दोघी उभ्या.

"पादरी साब अब भादो में आवेंगे."

म्हटलं, मी येणार आहे. कुंकवासकट.

"मालूम है. वईं बैठना, म्हारे पास."

"आणि पेला?"

माझ्या कपाळाकडं बघितलं तिनं. मग स्वतःच्या हातांकडं.

"वो अभी म्हारे को भी नी मालूम."