फोलाऊ सामोआच्या गावात

कलिही, होनोलुलू
रविवार, ११ मे, चर्चहून आल्यावर

लाडक्या सेइनीस,

तुझ्या वन्संकडून खूप प्रेम आणि आशीर्वाद. आज मातांचा रविवार. चर्चमध्ये सगळ्या आयांना हार घातले, तसा एक माझ्याही गळ्यात पडला. मला मूल नाही हे त्या नव्या पोरींना काय ठाऊक! तो हार मी तुझ्या नावाने ठेवून घेतलाय.

हे पत्र आपली मेलेनाइट मंगळवारच्या विमानाने टोंगाला आणतेय. आधी एकटीने वाच. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन तुझ्या नवऱ्याच्या, हावेआच्या खिशात असतो, आणि आमच्या आईच्या मयताला फोलाऊ आला नाही तेव्हापासून त्या घरात पोराचं नाव काढायची बंदी. तेव्हा पहिल्यांदा तुझा जीव भांड्यात पाडते. तुझा लेक सुखरूप आहे, खातोपितोय, कॉलेज सुटलेलं नाही. काल मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं. रडून घे, मग पुढे वाच.

सकाळी साठ नंबरच्या बसने लाइएला निघाले. कमरेला, आपल्या टोंगाच्या रीतीने, आईने विणलेली मानाची चटई गुंडाळली होती. वर्षभराने भाच्याकडे जायचं तर उघड्या कमरेने कशी जाणार? टोपलीत तू करतेस तसं, अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस. ड्रायव्हर सामोआचा होता. म्हणाला, "आजी, मांडीवर मावेल तेवढंच सामान न्यायचं. नियम आहे."

मी म्हटलं, "बाळा, आधी माझी मांडी बघ, मग बोल."

अख्खी बस हसली. त्यानेही मुकाट्याने पुढची जागा दाखवली. सगळा रस्ता समुद्र उजव्या हाताला होता आणि टोपली मांडीवर. पोराने ओळखच दिली नाही तर?

लाइएला कॉलेजची पोरं जिथे काम करतात, त्या दाखवायच्या गावांत पर्यटक पैसे भरून आपली सगळी बेटं एका दिवसात बघून टाकतात. दारातल्या माणसाने माझी चटई पाहिली आणि ओरडला, "मावशी, उशीर झालाय! मागच्या दाराने पळा!" पळायचं वय गेलं, मी चालत आत गेले. तिकीट कोणी विचारलंच नाही. टोंगाच्या गावात पोचेपर्यंत तीन बायकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. ढोलवाल्याला विचारलं, फोलाऊ कुठाय? तो म्हणाला, "फोलाऊ होय? तो सामोआच्या गावात असतो."

सेइनी, मी तिथेच खाली बसले. ज्या आजोबांनी आयुष्यात सामोआवाल्याला कधी चांगलं म्हटलं नाही, त्यांचा नातू त्यांच्यात जाऊन बसला!

गेले. ओंडक्यावर बसून तो नारळ फोडत होता आणि लोकांना हसवत होता. केस अगदी बारीक कापलेले. मला पाहिलं आणि हात थांबला.

"आत्या?"

"हो, आत्याच. तू कुठल्या देशाचा झालास ते सांग आधी."

त्यांचा म्हातारा मुकादम मध्येच म्हणाला, "तुमचा आहे का हा? कामाला चोख आहे हो. फक्त झाडावर चढत नाही. टोंगावाले जमिनीवरच शूर."

मी म्हटलं, "आणि तुम्ही लोक खाली उतरता कधी?" मग आमचं जमलं. त्याने पोराला जेवायला सोडलं.

स्वयंपाकघराच्या मागे बसून त्याने टोपली रिकामी केली. तुझ्या हातच्यापेक्षा मीठ कमी आहे म्हणाला, लबाड. मग मी विचारलं. तर म्हणतो, "आत्या, आपल्या गावात असलो की ढोल वाजवावा लागतो, नाचावं लागतं. आजीला वर्ष व्हायचंय अजून. मी कसा नाचू? म्हणून इकडे बदली मागून घेतली. नारळ फोडला म्हणजे काही नाच झाला नाही."

केस त्याने आजीला मातीत ठेवलं त्या दिवशी स्वतःच कापले. वाढले की पुन्हा कापतो. खोलीत सुतकाची चटई आहे, मोठी, फाटकी, आपल्याकडे नेसतात अगदी तशी. दर रविवारी ती नेसून चर्चला जातो. इथे त्याला बघायला घरचं कोणीही नसताना. मी पानं आवरायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आता जे टाळत आले ते लिहिते. तो लंगडतो. घाबरू नकोस, डॉक्टर म्हणतात पाय सुधारेल. आई गेली तेव्हा तो इस्पितळात होता. समुद्रकाठी रग्बी खेळताना पाय मोडला, शस्त्रक्रिया करावी लागली. खाटेवरूनच त्याने घरी फोन लावला. हावेआ म्हणाला, "विमानात बस, नाहीतर तू माझा कोणी नाहीस," आणि फोन ठेवला. पायाचं सांगायचं राहून गेलं, आणि नंतर त्याचा फोन कोणी घेतला नाही.

"मला का नाही सांगितलंस रे?" मी विचारलं.

"तू आजीला सोडून माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. आणि आईने एका वेळी कितीजणांसाठी रडायचं?"

परतीला तोच ड्रायव्हर. "आजी, टोपली हलकी झाली की!" मी म्हटलं, "बाळा, मी पण." आणि घर येईपर्यंत झोपले.

आता सेइनी, हावेआला हाक मार आणि इथून पुढचं मोठ्याने वाच. मी त्याला थेट काही म्हणणार नाही. भावाबहिणीत ती रीत नाही, आणि ती मोडायची माझी इच्छाही नाही. पण त्याच्या पोरांची आत्या म्हणून माझा जो मान आहे, तो त्याला माहीत आहे. मी बोट दाखवेन ते माझं. तुमच्या लग्नात चटयांची आणि कापडांची रास माझ्यापुढे आली होती. मी सगळी परत तुझ्याच पेटीत ठेवली. आजवर त्या घरातून साधी उशीसुद्धा नेली नाही.

आज बोट दाखवते. मला फोलाऊ हवा, आणि तो मला त्याच्या बापाच्या घरात हवा. येत्या रविवारी, आपल्याकडच्या वडिलांच्या रविवारी, चर्च सुटल्यावर पोरगा फोन करेल. हावेआने तो स्वतः उचलायचा, आणि पोराचं बोलणं संपेपर्यंत ठेवायचा नाही.

नेहमी मी सही करते 'तुझी वन्सं' म्हणून. आज तशी करत नाही.

हावेआची थोरली बहीण,
लुपे