समाधीला वळसा

मामा, तुमच्या सुनेचा शरणार्थी, नमस्कार.

आज तुमच्या शेजारी कुदळ मारली. दुसऱ्या कुणी चहाडी करायच्या आधी आपणच सांगावं म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं हाय, तुमाला ठावंच हाय.

तुमची नात गौरी आता घरी बसून कंपनीचं काम करती. नेटचा डबा पुढल्या घरात, तिची खोली मागं मळ्यात. तिथवर नेट पोचंना. तिचा साहेब म्हनला, नेट नीट नसंल तर सोमवारी पुण्याला या. मी म्हनलं, पोरगी जाती व्हय! जमिनीतून पाईप टाकू, त्यातून वायर नेऊ.

पण मधी कोण? तुमी. जित्ते होता तवा बाज दारात, आता समाधी वाटेत. सरकायचं कधी न्हाईच.

वायरमन म्हनला, "काकू, समाधीखालून सरळ काढू. फूटभर तर खोल."

"आमच्या लिंगायतांत मेलेल्याला बसवून पुरतात. सासऱ्याच्या टाळूवरून वायर नेतो व्हय?"

मंग बाजूनं वळवायचं ठरलं, तर आत्याबाई काठी टेकत आल्या आन तुमच्या शेजारी मातीत मांडी घालून बसल्या. "ही माझी जागा. पाईप पलीकडून न्या."

"आत्याबाई, तुमाला अजून लई वेळ हाय."

"असू दे. नवऱ्याशेजारची जागा धरून ठिवावी लागती."

मी ऐकते का? तुमच्या दोघांच्या मधूनच पाण्याच्या पाईपाचे काटकोनी एल्बो लावून वळवला. वायर बरोबर तुमच्यापाशी अडकली. ओढून ओढून हात सोलले. तुमाला लई बोलले, "सोडा की आता." वायरमन म्हनला, "त्यांना कशाला बोलता? कोपरे काढा."

पुन्यांदा खांदलं. आत्याबाईंची जागाबी आत घेऊन मोठा गोल वळसा दिला. पाईपात आधी दोरी ओवली, तिला वायर बांधली, साबण चोळला. सरसर गेली.

गौरीनं खोलीतून पहिला फोन आजीलाच लावला. चेहरा साफ दिसला. आन मला तुमी आठवलात. शेवटल्या महिन्यात ती पुण्याला होती. फोनात तिचा चेहरा अडकला, तरी तुमी तसाच हातात धरून बसलात. मी फोन वढून घेतला, "उद्या बोला" म्हनलं. ते बोलणं झालंच न्हाई. येवढी कशाची घाई होती मला?

आता शब्द देते. पाईपात एक जादा दोरी सोडून ठिवलीय. पुढं कुठलीबी वायर येऊ दे, दोरीला बांधून जाईल. तुमच्याजवळ आता कुदळ येईल ती फक्त आत्याबाईंसाठी. तिची घाई तुमीबी करू नका.

तुमची सून,
मंगल