एक तार कानाने

महाड,
२९ मार्च २००९

प्रिय जलील,

सलाम. तू उलट टपाली म्हणणार तो जय भीमही पोचला असं समजतो. आपली ही अदलाबदल वीस वर्षं चालू आहे, ती कागदावर तरी कशाला मोडा. या महिन्यात तू मला पाच वेळा फोन केलास. पाचही वेळा मोबाइल हातात धरून त्यावर तुझं नाव लुकलुकताना बघत बसलो आणि उचलला नाही. तुझ्या ललितावहिनीला वाटतंय आपलं भांडण झालं. तुला वाटत असेल, गिटार हातात पडली आणि सुहासला शिंगं फुटली. दोन्ही खोटं आहे. मुसैबची सुट्टी संपली, गुरुवारी तो परत दुबईला निघेल. दासगावला जाऊन हे पाकीट त्याच्याकडे देतो. डिंक जरा जास्तच लावलाय, कारण तुझ्या या चुलतभावाला दुसऱ्याची पत्रं वाचायची हौस आहे.

आधी बातमी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आपल्या पोरीने, मानसीने, गाणं बंद केलंय. वीस तारखेपासून तिने एक ओळ गुणगुणलेली नाही, आणि बावीसला कपडे भरून पोलादपूरला मामाकडे निघून गेली. चौदा एप्रिलला पोलादपुरातच आपल्या गायन पार्टीचा कार्यक्रम आहे. पेटीवाल्या भिकाजीने हँडबिलावर तिचं नावही छापून घेतलंय. ती गाणार नाही म्हणते. दोष तुझ्या गिटारचा नाही, माझा आहे. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तू तिकडे उगाच हळहळत बसशील.

फेब्रुवारीत मुसैबने तो लांबलचक खोका आणून दारात ठेवला, तेव्हा अर्धी आळी गोळा झाली होती. आत गिटार, चार्जर आणि जगातल्या सगळ्या भाषांत छापलेलं एक पुस्तक. मराठी तेवढी नव्हती. चार्जरची पिन तिकडची, चौकोनी पायांची, ती आपल्या बोर्डात जाईना. मानसी बाजारपेठेत जाऊन अडॅप्टर घेऊन आली, तोवर लाइट गेली. लाइट आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मग बॅटरी भरेपर्यंत आम्ही दोघं गिटारच्या दोन बाजूंना बसून राहिलो, आजाऱ्याजवळ बसतात तसे. ती पुस्तकातलं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि मी मान डोलवायचो. एक बटण वर ओढायचं, सहाही तारांवरून एकदा हात फिरवायचा, की चाव्या आपल्या आपण फिरायला लागतात. कुर्र कुर्र आवाज करतात म्हणे. बटणावर तांबडे दिवे लागतात आणि सगळ्या तारा सुरात आल्या की निळा. ललिता कणकेच्या हातांनी बाहेर आली, चाव्या फिरताना बघून दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, हिला कोन पिळतंय गो? मानसी हसून हसून लोळली. एवढं हसताना तिला मी बऱ्याच दिवसांनी बघितलं होतं.

जानेवारीत मीच फोन करून तुला घाईघाईने काय सांगून ठेवलं होतं, आठवतं? बोटं दुखतात, चाव्या पिळवत नाहीत, आता गिटार सोडावी म्हणतो. तू पुढच्याच महिन्यात तुझ्या वाद्यांच्या दुकानातला नमुन्याचा पीस मालकाकडे मागून पाठवून दिलास. बोटं कशाने दुखतात विचारलं नाहीस, गिटार कशाला सोडतोस हेही नाही. माझी बोटं ठणठणीत आहेत, जलील. तुझ्याशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो आणि तू त्यावर एवढी मोठी वस्तू पाठवलीस.

तुझा बँजो आणि माझी हिरवी गिटार, आपण दोघं पार्टीत नवे होतो तेव्हाचं आठव. गोमाजीबुवा होते अजून. त्यांचा नियम ठाऊक आहे ना, कार्यक्रमाआधी प्रत्येकाने पेटीसमोर बसायचं, पेटीला हात लावून डोक्याला लावायचा आणि तिच्याकडून सूर घ्यायचा. मगच तार पिळायची, मगच ढोलकीवर हातोडी. ती पेटी जगाच्या सुरापेक्षा पाव सूर चढी आहे, हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. बुवांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जग कुटं येतंय आपल्यासंगं गायला, पेटी येते. तेव्हा माझा कान असा होता की रामाच्या ढोलकीची वादी एक बोट सैल पडली तरी मला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. एसटी वळणावर असताना मी हॉर्नवरून ड्रायव्हरचं नाव सांगायचो आणि तू पैज हरायचास. तू म्हणायचास, हा सूर लावेपर्यंत नवरानवरीला नातवंडं होतील. माझा भाव त्या कानापायीच होता, वाजवायला काय, माझ्याहून बरे दहा होते.

तर वीस मार्च, सत्याग्रहाचा दिवस. तळ्याच्या बाजूला स्टेज, समोर माणूसच माणूस, कुठून कुठून गाड्या भरून आलेली. मानसी पहिल्यांदाच इतक्या लोकांपुढे उभी राहणार होती. पांढरी साडी, ललिताची. सगळे पेटीसमोर एकेक करून बसून उठले. माझी पाळी आली तेव्हा मी भिकाजीला म्हणालो, आता हिला पेटीची गरज नाही. आणि सगळ्यांच्या देखत बटण ओढून तारा छेडल्या. चाव्या फिरल्या, निळा दिवा लागला, पुढच्या रांगेतली पोरं उभी राहून बघायला लागली. माझी छाती फुगली. भिकाजीने फक्त पेटीवर हात ठेवला.

गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला लोकांचे चेहरे बदलले. पुढे बसलेल्या एका बाईने कपाळाला आठ्या घातल्या. रामाने माझ्याकडे बघितलं. भिकाजीची मान हलत होती, होकाराची नव्हती. काहीतरी बिनसलं होतं एवढं मला कळलं. मी खाली बघितलं. निळा दिवा. म्हणजे गिटार बरोबर होती. पेटी चाळीस वर्षांची, ती चुकत नाही. राहिली कोण? मग मी मानसीकडे झुकलो आणि म्हणालो, सुरात गा जरा. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या हातात माइक होता, जलील. तो तिने छातीशी धरलेला होता आणि माझं तोंड त्याच्यापासून वीतभर. मला ते कळलं समोरचे सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले तेव्हा. पोरीने गाणं पुरं केलं. खाली मान घालून केलं, पण पुरं केलं. मग स्टेजच्या मागच्या बाजूने उतरून गेली आणि साडी बदलून घरी.

तिसऱ्या दिवशी भिकाजी घरी आला. चहा घेतला नाही. माझ्यासमोर बसून सावकाश, एकेक शब्द मोकळा करून बोलला, तसा तो हल्ली माझ्याशी नेहमीच बोलतो, का ते मला तेव्हा उमगलं. म्हणाला, सुहास, पोरगी माज्या पेटीत व्हती. शेवटपरेंत व्हती. तुझी गिटार उतरली व्हती रे, आन तुला ते समजलं नाय. इतकंच. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठला. तोवर मानसीला जाऊन एक दिवस झाला होता.

आता तुला कळलं असेल. मला ऐकू येत नाही, जलील. एकदम गेलं नाही. सोळा वर्षं कंपनीत कंप्रेसरच्या खोलीत उभा राहिलो, कानात कापूस घालून. आधी पक्षी गेले, मग सायकलची घंटी, मग तुझ्या आवाजातली अक्षरं. पुरुषाचं जाड बोलणं समोरून, ओठ दिसत असले तर समजतं. बायकांचं अर्धं येतं. पोरीच्या आवाजातलं तर काहीच उरलेलं नाही. ती गाते तेव्हा मला तिचा गळा हललेला दिसतो आणि मी ती आठवीत असतानाचा आवाज त्यावर बसवून घेतो. गेल्या पावसाळ्यात एकटाच मुंबईला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवलं. ललिताला सांगितलं, युनियनचं काम आहे. डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं. म्हणाला, मशीन लावलंत तर आवाज मोठा होईल, सूर परत येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती मूठ झाकून ठेवली. शेवटचं वर्षभर पेटीवर कोपर टेकवून गिटारच्या कडेला दात लावायचो आणि थरथर जुळली की तार सोडायचो. लोकांना ती माझी ऐट वाटायची. मग दातांनाही नीट कळेनासं झालं, म्हणून जानेवारीत तुला बोटांची थाप मारली, आणि पुढच्याच महिन्यात तुझा खोका आला. मी ललिताला कळू न देता रडलो होतो त्या दिवशी. मला वाटलं, सुटलो. आता दिवा सांगेल, मी वाजवीन, मरेपर्यंत कोणाला कळणार नाही.

भिकाजी गेल्यावर मी ते पुस्तक काढून शब्दकोश घेऊन बसलो. अकराव्या पानावर सगळं लिहिलेलं आहे. दुसऱ्या वाद्याचा सूर वेगळा असेल तर एक तार आधी त्या वाद्याला कानाने लावून घ्यावी, म्हणजे उरलेल्या पाच गिटार तिच्यावरून आपोआप लावते. त्या ओळीखाली मानसीने पेन्सिलीने रेघ मारलीय आणि कडेला लिहिलंय, ‘गोमाजीबुवांची पेटी’. म्हणजे त्या दुपारी तिने मला हे सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. जगातलं एवढं शहाणं यंत्र, सहापैकी पाच तारा स्वतः लावतं आणि एका तारेसाठी माणसाचा कान मागतं. माझ्याकडे नेमका तोच नाही.

शुक्रवारी मी पोलादपूरला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. मेहुणा कामावर, वहिनी नळावर, घरात ती एकटी, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मला बघून तिने पाट सरकवला, पाणी दिलं, आणि पुन्हा चुलीकडे तोंड करून बसली. मी म्हणालो, माझं चुकलं. गिटार उतरली होती, तू बरोबर होतीस, असं पुढे म्हणायचं होतं. पण त्याआधीच तिची पाठ हलली. ती बोलत होती. बराच वेळ बोलली. चुलीतलं जळण तडतडत असावं, बाहेरून ट्रकही जात असावेत, मला सगळं मिळून एकच गुंगणं ऐकू येत होतं. उठून तिच्या पुढ्यात जाऊन ओठ बघावेत, तर चूल आणि भिंत यांच्यात जागा नव्हती. पुन्हा बोल म्हणावं, तर पुन्हा म्हणजे किती? मग ती थांबली. पाठ थांबली, हात थांबला, पीठ तसंच हातात. वाट बघत होती. तिने मला काहीतरी विचारलं होतं, एवढं मला समजलं, आणि मी नेहमी करतो तेच केलं. हो म्हणालो. समजुतीच्या आवाजात, बापाने म्हणावं तसं. ती वळली नाही. हातातलं पीठ परातीत ठेवलं, तव्यावरची भाकरी जळू दिली आणि मागच्या दाराने निघून गेली. अर्धा तास बसून मी परतीची बस धरली.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिचे प्रश्न बनवतोय. पप्पा, मी कॉलेज इथूनच करू? पप्पा, भिकाजीकाकांना तुम्ही सांगाल ना? इतकाच असेल तर माझ्या ‘हो’ने काही बिघडत नाही. पण एवढ्याशा प्रश्नाला कोणी भाकरी जळू देत नाही. मला वाटतं तिने विचारलं, पप्पा, मी खरंच बेसूर गायले का? आणि मी हो म्हणालो. चिठ्ठी लिहायला तीनदा बसलो. पहिल्याच ओळीला अडतो, कारण प्रश्नच माहीत नाही तर उत्तर काय लिहू? मामाकडे घरचा फोन आहे, पण तो माझ्या काय कामाचा, मी बोलेन आणि ती जे म्हणेल ते पुन्हा मला कळणार नाही, आणि पुन्हा मी हो म्हणेन. म्हणून तुला लिहितोय. जलीलकाकाशी ती लहानपणापासून बोलते. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. चौदा तारखेच्या आत तिला फोन कर. सांग, तू पेटीत होतीस, तुझ्या बापाला ऐकू येत नाही. मला हे तिच्या तोंडावर सांगवत नाही, तू सांग. म्हणावं, ती एक तार लावायला तरी ये, गायचं की नाही ते मग ठरव. पण त्याआधी तिला विचार, शुक्रवारी चुलीपुढे तू पप्पांना काय विचारलंस. ती सांगेल ते तसंच्या तसं मला मोबाइलवर मेसेज करून पाठव, फोन करू नकोस. मी कशाला हो म्हणून आलो ते मला कळू दे.

तुझाच,
सुहास