चौकोनी चावी आणि लाल ठिपका

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेला आठवडा मी बहुतेक वाकूनच काढलाय, सरळ व्हायला आता भिंत लागते. ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? पट्टी निघेपर्यंत तुम्हाला वाचायला बंदी, म्हणजे हे पत्र तिथे ताईच वाचून दाखवणार. ताई, माझा आवाज काढून वाचू नकोस आणि मध्येच एकटीच हसत बसू नकोस. मामा, तुम्ही उशीला टेकून बसा. डोळ्याला हिसका बसायला नको, म्हणून मी सगळं हळूहळू सांगणार आहे.

घर ठीक आहे. गॅस बंद आहे (तीनदा बघितला). कुंड्यांना पाणी घालतो. एक कुंडी गेली, पण तिचं आधीपासूनच चित्त थाऱ्यावर नव्हतं. तुमच्या झोपायच्या खोलीचं दार सध्या उघडत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी बाहेरच्या कोचावर झोपतो, माझी काही तक्रार नाही.

आता गाडी. निघताना तुम्ही बॉनेटवर हात ठेवून मला एवढंच सांगितलं होतं, "काही करू नकोस. आठवड्यातून एकदा सुरू कर आणि इंजिन गरम होईस्तोवर नुसता आत बसून राहा." मामा, नुसतं बसणं हेच तर मला आयुष्यात जमलेलं नाही. शाळा त्यापायीच सुटली, बेकरीतली नोकरीही त्यापायीच (तिथे तर उभंच राहायचं होतं, पण एका जागी). हे ठाऊक असूनही तुम्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्यात आणि सगळ्यांदेखत जेवताना म्हणालात, की माझ्यानंतर ही गाडी भाच्याकडेच राहील. आईचा घास हातातच राहिला होता. मला आजवर कुणी साधी छत्रीसुद्धा सांभाळायला दिलेली नाही. तेच डोक्यात बसलं. वाटलं, नुसतं बसण्यापेक्षा जास्त काहीतरी करून दाखवावं. पट्टी निघाली की मामांनी यावं, आणि गाडीत ताजं तेल! शिवाय खरं सांगायचं तर बसवतही नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटखालून काहीतरी टोचतं. म्हटलं, स्प्रिंग वर आली असेल, वय झालं बिचारीचं. मी खाली उशी घेतली.

तर जुनं तेल सोडायला गाडीखाली शिरलो. खाली दोन नट. पुढचा साधा सहा कोनी, पण त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. मागच्याला मधोमध चौकोनी भोक. आता लाल म्हणजे धोका, हे शाळा सुटलेल्यालाही कळतं. लाल नटाला मी बोटसुद्धा लावलं नाही (एवढी अक्कल दाखवली, याची नोंद व्हावी). राहिला चौकोनी. त्याला घरातला एकही पाना लागेना. कात्रीचं टोक घालून बघितलं, ते वाकलं. मग आठवलं, की दाराच्या मुठीच्या आत चौकोनी दांडा असतो. तुमच्या खोलीच्या दाराची मूठ काढली. दांडा बसला, पण जोर लावल्यावर जिलबीसारखा पिळला गेला. दाराचं कारण हे.

मग मापासाठी भोकात साबणाची वडी दाबली आणि ती घेऊन हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने वडी उलटसुलट केली, माझ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "कुणाचं घर फोडायचंय?" मी गाडीचं सांगितलं. तो म्हणाला, असलं आता मिळत नाही, लेथवाल्या काकांकडून करून घे. लेथवाले काका भला माणूस, पण त्यांच्याकडे एक मांजर आहे, ती तेव्हाच व्याली होती, आणि पिल्लांचे डोळे उघडलेले नव्हते. त्यांच्यापाशी माझा दिवस गेला. (ताई, एक पिल्लू अगदी तुझ्यासारखं बघतं.) चावी घासता घासता काकांनी विचारलं, "इंजिनला चौकोनी? नीट बघितलंस ना?" मी म्हणालो, "जुनी गाडी आहे काका, तेव्हाची माणसंच वेगळी होती." ते पुन्हा घासायला लागले.

मामा, चावी अशी बसली की काय सांगू! नट कुरकुरत फिरला आणि काकवीसारखं दाट, घाणेरड्या वासाचं तेल घमेल्यात उतरलं. मला गाडीची दया आली. नट लावला, वरून इंजिनात नव्या तेलाचा अख्खा डबा ओतला आणि गाडी सुरू केली. मागून निळा धूर असा निघाला, की शेजारच्या काकू आधी वाळत घातलेले कपडे घेऊन आत पळाल्या आणि मग पाण्याची बादली घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, जुनी काजळी निघतेय. त्याच आनंदात मी गाडी लेथवाल्या काकांना दाखवायला नेली. (चालवायचं तुम्ही सांगितलं नव्हतं. हो.)

कोपऱ्यावर गिअर बदलला आणि गाडीने पोटातून हंबरडा फोडला. काका गाडी दिसायच्या आधीच आवाज ऐकून दोन्ही हात वर करत रस्त्यावर आले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "इंजिनात डबल तेल घातलंयस. जुनं तसंच आहे, त्याचा नट तो लाल ठिपक्याचा. चावी लावलीस ती गिअरबॉक्सला, तो कोरडा ठणठणीत." मग माझ्याकडे पाठ फिरवली. बॉनेटवर हात ठेवून गाडीलाच म्हणाले, "माफ कर गं बाई, चावी मीच करून दिली." मामा, त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी आम्ही ढकलत घरी आणली. रस्ताभर मला तुमचं ते बॉनेटवर हात ठेवणं दिसत होतं. तुम्ही मला काही अवघड सांगितलं नव्हतं. फक्त बसायला सांगितलं होतं.

तुमचा (अजून म्हणू देत असाल तर) भाचा

ता. क. मामा, परत यायची मुळीच घाई करू नका. डोळा नाजूक असतो. डॉक्टरांना सांगून पट्टी अजून पंधरा दिवस ठेवता आली तर बघा.

ता. क. २. ताई, हे मनातल्या मनात वाच. गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल आणि किती घालतात, ते मामांकडून सहज काढून घे. तू सहज विचारायला लागलीस की त्यांना लगेच संशय येतो, तेव्हा मामीला विचारायला लाव. आणि कोरडा चाललेला गिअरबॉक्स वाचतो का, तेही. काका नक्की काही सांगत नाहीत, नुसती मान हलवतात.

ता. क. ३. हे मोठ्यानं वाच. मामा, हल्ली मी रोज गाडीत बसतो. सुरू करत नाही, नुसता बसतो. काल उशी काढून टाकली, म्हटलं टोचू दे. मग सीटखाली हात घातला. स्प्रिंग नव्हती. तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक चावी होती, तुमच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली. एक टोक चौकोनी, दुसरं सहा कोनी, आणि त्या सहा कोनी टोकावर लाल ठिपका. मी उशी न घेता एकदा जरी नीट बसलो असतो, तर तेवढ्यानंच सगळं कळलं असतं.

पहिला ता. क. रद्द समजा. पट्टी निघाली की लगेच या. मी गाडीत बसलेला असेन.