डाव्या कानापर्यंत पोचलेला हात

गुढियारी, रायपूर

आदरणीय पद्मिनीआत्या यांस,
दीपमालाचा सविनय जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? बाबांनी त्यांची एक यादीच करून ठेवली आहे (सूज, कडकपणा, जिना), ती रविवारी समक्ष भरून घेतील. इकडे आम्ही तिघे ठीक आहोत, म्हणजे दोघी दमलेल्या आणि एक निवृत्त.

ऑगस्टात बाबांना पासष्ट पूर्ण झाली. कंपनीचा नियम असा की पासष्टाव्या वाढदिवसानंतर तिचं विमान कुणी चालवायचं नाही, माणूस कितीही धडधाकट असो. त्याच महिन्यात त्यांची डॉक्टरी तपासणी झाली होती. डोळे, कान, हृदय, सगळं पास. पण शाल मिळाली, काचेच्या पेटीत एक छोटं विमान मिळालं, आणि कंपनीच्या मालकांना, शेठजींना, मुंबईला नेण्याचं काम त्यांच्या हाताखाली तयार झालेला चिराग करू लागला. पेटी आम्ही टीव्हीशेजारी ठेवली. बाबा तिच्याकडे पाठ करून बसतात, त्यामुळे त्यांच्या बातम्याही गेल्या.

तेव्हापासून घरच उडतं आहे. विमान सुटण्याआधी एक वैमानिक यादी वाचतो आणि दुसरा प्रत्येक शब्दाला उत्तर देतो. उत्तर आलं नाही तर विमान हलत नाही. आमच्याकडे हा दुसरा वैमानिक म्हणजे आई. भाजी आणायला निघालं तरी बाबा दारात उभे राहून "गॅस?" म्हणतात, तिने "बंद" म्हणायचं. मग मागचं दार, मग दूध, मग किल्ली. (एकदा दुधाला तिने नुसतं "हव", म्हणजे हो, म्हटलं. हे उत्तर यादीत नाही म्हणून पुन्हा गॅसपासून सुरुवात. रिक्षावाला निघून गेला.)

अभनपूरला आईच्या भाच्याच्या, संघर्षच्या लग्नाला गेलो त्याची गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच, पण चुकीची आली असणार. गाडी बाबा चालवत होते. सभागृहाच्या फाटकातून वळताना बकरी आडवी आली. दुसरा कुणी ब्रेक मारून थांबला असता. बाबांनी न वळता गाडी रस्त्याने सरळ पुढे काढली, कारण विमान उतरवताना जरा बिनसलं की हट्टाने उतरायचं नाही, परत वर जाऊन फेरी मारून यायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. बाजाराला वळसा घालून आलो तर फाटकात बँडवाले. तिसऱ्यांदा तीच बकरी. चौथ्यांदा आत शिरलो तेव्हा मंगल परिणय होऊन पंगत उठली होती. आई गार भात कालवत एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मले वाटे, यांले ढगांमुळे उशीर होते."

आता मुद्द्याचं. बाबा रविवारी तुमच्याकडे नागपूरला येत आहेत ते स्टॅम्प पेपर घेऊन. त्यांना शाळेत तुम्ही घातलंत, आजोबा रेल्वेच्या ड्युटीवर होते म्हणून. तुम्ही बारा वर्षांच्या, बाबा पाच. जन्माचा दाखला नव्हता. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला तर पोरगा सहा वर्षांचा, असं गुरुजींचं माप. हात पोचेना तेव्हा तुम्ही मागून कोपर ढकललंत (हे तुम्हीच मला हसत सांगितलं आहे). गुरुजींनी सहा लिहिले आणि तेच आजवर चाललं. म्हणजे तुमच्या त्या ढकलण्याने बाबा एक वर्ष आधी शाळेत गेले आणि एक वर्ष आधी घरी आले. कंपनीच्या मीनल मॅडम केवळ सभ्यपणाने म्हणाल्या होत्या, "सर, घर का कोई बड़ा लिखकर दे दे, तो देख लेंगे." बाबांनी ते वचन धरलं. त्यांच्याहून मोठ्या आता तुम्हीच उरल्या आहात.

"मी चौसष्टचा आहो," ते म्हणतात. "डोळे पाहा, कान पाहा. कागद काहून पाहून राहिले?"

संध्याकाळी कंपनीचं विमान परत येतं तेव्हा बाबा गच्चीवर असतात, आणि विमान झाडांमागे उतरेपर्यंत त्यांचा चपलेतला पाय हळूच काहीतरी दाबत असतो.

तेव्हा कृपा करून सही करा. त्यांना एक वर्ष आकाशात जाऊ द्या आणि आम्हाला जमिनीवर.

तुमची,
दीपमाला

ता.क. आईने पत्र वाचलं. सही करू नका म्हणते. बाबा उडाले की त्यांचा "उतरलो" असा निरोप येईपर्यंत ती कधी कुकर लावायची नाही, शिट्टीत फोन ऐकू येणार नाही म्हणून. "रोज यादी म्हणीन," ती म्हणाली, "पण माझा कुकर मले टायमावर लावू द्या."

आणखी ता.क. बाबांनीही वाचलं (पाकीट बंद करण्याआधी पत्ता, पिनकोड, तिकीट अशी यादी सुरू होती). कोपर ढकलल्याचं त्यांना साफ नामंजूर आहे. "हात माझा मीच पोचवला. दीदी नुसती मागं उभी होती." मग तर तुम्ही तेव्हा सहाचेच होता, बाबा, असं मी म्हटलं. ते कितीतरी वेळ डोक्यावरून हात नेऊन डावा कान धरून बसले होते. नंतर स्टॅम्प पेपर त्या काचेच्या पेटीखाली सरकवला. रेल्वेचं तिकीट काढलेलं आहे, म्हणून येणार मात्र आहेत.

शेवटची ता.क. पोचल्याबरोबर त्यांना घरी "उतरलो" म्हणून कळवायला सांगा. आई म्हणते, रेल्वेने गेलेल्या माणसाची कसली वाट पाहायची. पण गाडी किती वाजता लागते ते तिने दोनदा विचारलं आहे, आणि रविवारची खिचडी पातेल्यात करणार आहे.