दहापैकी पाच

६ ऑक्टोबर, सोमवार

नान्तवेनच्या आयांनो, बायकांनो, बहिणींनो, आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्या माणसाच्या डोक्याला मैदानावर मार बसला तेव्हा त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पाठीवर थाप दिली आणि पुन्हा खेळायला उभं केलं. वीस वर्षांनी त्याला स्वतःच्या पोरीचा वाढदिवस आठवेना, तेव्हा तो आपल्या पदरात टाकला. दोन्ही वेळा आपल्याला कुणी विचारलं नाही.

डिसेंबरात इथल्या रग्बी क्लबच्या सभेत माझं भाषण असं सुरू होईल. विसरायला नको म्हणून पहिल्याच पानावर उतरवून ठेवलं. पुढे आजोबांची गोष्ट येईल. त्यांच्या छातीत कोळशाची धूळ साचली होती आणि खाणीचे मालक म्हणायचे, सिगारेट कमी ओढा. आता क्लबवाले म्हणतात, जरा गरगरतंय, शनिवारपर्यंत उतरेल. खाणी बंद पडल्या, पण माणसाला गप्प करण्याची रीत काही बंद पडली नाही.

आज इथे नान्तवेनला पोचले. ऊन होतं, टेकडीवर मेंढ्या होत्या आणि बॅग ओढत चढ चढताना तीन अनोळखी माणसांनी मदत करू का म्हणून विचारलं. मी शेजारच्याच खोऱ्यातली, म्हणजे इथल्यांच्या लेखी परदेशी. खोली मिसेस प्यूंकडे मिळाली आहे. त्यांनी दारातच सांगितलं की मिसेस प्यू म्हणजे माझी सासू, आणि ती गेली, देवाची कृपा. मला युर्वेन म्हण, पोरी, आणि बूट काढ. म्हणून युर्वेनच.

तिचा नवरा इद्वल एकसष्ट वर्षांचा आहे. एके काळी क्लबचा कप्तान होता. आता स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर युर्वेनच्या गोल अक्षरातली चिठ्ठी आहे: कप. चहा. गॅस, आधी मला विचार. इद्वल रोज सकाळी खेळाची पिशवी भरतो. दर शनिवारी दीडच्या ठोक्याला ती खांद्याला लावून मैदानावर चालत जातो, कपडे बदलायच्या खोलीत बसतो, आणि सामना संपला की कुणीतरी त्याला घरी आणून सोडतं. युर्वेन म्हणते, डोकं गेलं पण पायांना रस्ता पाठ आहे. मला बघून त्याने विचारलं, शनिवारी खेळणार ना. मी हो म्हटलं. बोलायला काय जातं.

चहाबरोबर तव्यावरचे गरम केक झाले. मी चार खाल्ले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काम सुरू झालं. मेंदूला बसलेला लहानसा हादरा पुढे माणसाचं काय करतो, हे विद्यापीठातल्या आम्हा संशोधकांना शोधायचं आहे. प्रत्येक खेळाडूला एक करडी वही द्यायची आणि त्याने रोज चार ओळी लिहायच्या: झोप कशी, डोकं कसं, काय विसरलं. तुलनेसाठी निरोगी माणसाचीही वही लागते, म्हणून मीही ही लिहिते. बारा वर्षं मीही खेळले, पण मोजण्यासारखा मार एकदाही बसला नाही. खरं सांगायचं तर मोजलाच नाही.

युर्वेनची मुलगी हेलेद आज चाचणीला आली. चोवीस वर्षांची आहे. बायकांच्या संघात नऊ नंबरचा सदरा तिचा. तिखट पोरगी. मैदानावर कुणी नऊ म्हणून ओरडलं तर वळून बघत नाही. म्हणते, आईने नाव ठेवलंय, ते वापरा. मला डॉक्टरीणबाई म्हणते. आत आल्या आल्या विचारलं, डॉक्टरीणबाई, पुस्तकं उचलून कंबर धरली का.

चाचणी सोपी असते. दहा शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. मोसमाआधीचा आकडा प्रत्येकाच्या कार्डावर असतो. मार बसला की पुन्हा विचारायचं, आणि आकडा घसरला असेल तर खेळ बंद. हेलेदच्या कार्डावर सहा आहे. आज मला तिने फटाफट दहा सांगितले. मी बघतच राहिले, तर हसून म्हणाली की हे कार्डावर नको हं, आपल्या दोघींत; मोसमाआधी सगळेच कमी सांगतात, म्हणजे मग मार बसला तरी आकडा तिथल्या तिथेच राहतो आणि कुणी बाहेर बसवत नाही.

मला ओरडायला हवं होतं. मी हसले. कारण एकोणिसाव्या वर्षी मीही तेच केलं होतं. दहा येत होते, पाच सांगितले. जुनं कार्ड अजून माझ्याकडे आहे, या अभ्यासातही तेच वापरलं आहे. ती यादी अजून तोंडपाठ आहे. शिडी, लोणी, पूल, मेंढी, साबण, हे सांगितलेले. आरसा, खिळा, घंटा, वाळू, बोका, हे लपवलेले. कुणाला सांगणार नाही असं हेलेदला वचन देऊन बसले.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल संघाला एक खेळाडू कमी पडत होती. हेलेद म्हणाली, वह्या वाटून कुणी आपलं होत नाही, डॉक्टरीणबाई, बूट चढव. मी चढवले. चौतिसाव्या वर्षी, सात वर्षांनी. कपडे बदलायच्या खोलीत बसलेला इद्वल एकटाच म्हणाला, मला माहीत होतं, तिने कबूल केलं होतं.

उत्तरार्धात कुणाचा तरी गुडघा कानाच्या वर लागला. पडले, उठले, खेळले. आम्ही जिंकलो. संध्याकाळी क्लबात सगळ्यांनी माझी वही मागून घेऊन तिच्यावर सह्या केल्या. आता मी त्यांची झाले.

थोडं दुखतंय. उजेड नको वाटतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

नियम म्हणजे नियम. क्लबच्या डॉक्टरांकडून माझीही चाचणी करून घेतली. नवी यादी, दहापैकी पाच आठवले. त्यांनी कार्ड पाहिलं. कार्डावरही पाच. म्हणाले, छान, जशी होतीस तशीच आहेस.

घरी येताना चढावर एकदम थांबले. पाच हा माझा आकडा नाही. माझा आकडा दहा आहे. पण दहा कुठेही लिहिलेले नाहीत.

दमले असेन.

९ नोव्हेंबर, रविवार

काल हेलेद पडली. या मोसमात दुसऱ्यांदा. उठली ती विरुद्ध बाजूला चालू लागली, मग हसण्यावारी नेलं. आज चाचणीत सहा. कार्डावर सहा. डॉक्टर म्हणाले, खुशाल खेळ. ते सहा खरे नाहीत हे साऱ्या खोऱ्यात दोघींनाच माहीत आहे, आणि त्यातली एक गप्प राहायचं वचन देऊन बसली आहे.

दुपारी युर्वेन भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, एक मी त्या मैदानाला दिला, दुसरी देणार नाही. तुला खोली भाड्याने दिली ती चार पैशांसाठी नाही, पोरी, माझ्या लेकीवर कुणाचा तरी डोळा राहावा म्हणून. काही असलं तर मला सांगशील ना.

मी म्हटलं, चाचणी स्वच्छ आहे.

माझ्याच तोंडून. मालकांचं वाक्य.

वचन गेलं खड्ड्यात. क्लबच्या सेक्रेटरीला पत्र लिहिलं: हेलेदचा आकडा खोटा आहे, तिला खेळवू नका. तिकीट लावलं. आजच टाकते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लबकडून उत्तर नाही. पत्र गिळून बसले आहेत. माणसाच्या मेंदूपेक्षा यांना सहा डिसेंबरचा अंतिम सामना मोठा. दुसरं पत्र लिहिलं, पहिल्यापेक्षा कडक. सभेत एकेकाचं नाव घेऊन विचारीन.

तीन मुलाखती ठरल्या होत्या, दोघींकडे गेले. तिसरी म्हणते, तुम्ही काल येऊन गेलात की.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज युर्वेनशी भांडले. माझ्या खोलीत चिठ्ठ्या. दारावर: आत ओढ. टेबलावर: चष्मा इथे. खिडकीत: पत्र टाकलंस, पुन्हा टाकू नकोस. मी खाली जाऊन बरंच काही बोलले, मी काय इद्वल आहे का असंही बोलले. तो तिथेच बसला होता.

युर्वेनने आवाज चढवला नाही. सोमवारी मी लिहून दिलेली किराणाची यादी तिने फळीवरून काढली आणि चिठ्ठीशेजारी ठेवली.

अक्षर माझंच.

ती म्हणाली, त्याचंही असंच सुरू झालं, आधी राग, मग चिठ्ठ्या. आणि माझे हात स्वतःच्या हातात घेऊन बसली. तिचे ओले होते, साबणाचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

युर्वेन मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. पुन्हा शब्द. मी जीव तोडून आठवले. पाच. त्यांनी कार्ड दाखवलं. पाच. म्हणाले, अभ्यास फार झाला, झोप घे. मी सांगितलं की तो आकडा खोटा आहे, मी एकोणीस वर्षांची होते, मी मुद्दाम. ते प्रेमाने हसले. म्हणाले, प्रत्येकाला वाटतं आपण पूर्वी हुशार होतो.

पुराव्याची चोरी झाली आहे. पंधरा वर्षांपूर्वी. चोर मीच.

एवढं बोलले, मग तिथेच हेलेदचं का नाही सांगितलं. नंतर रस्त्यात आठवलं. मग वाटलं, पत्रात लिहिलंय ना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र लिहिलं. तिसरं असावं. क्लब गप्प.

इद्वल आणि मी दुपारभर स्वयंपाकघरात बसलो. त्याने पिशवी भरली, रिकामी केली, भरली. मी मदत केली. मला ते काम आवडलं. बूट, टॉवेल, दातांची पट्टी. काहीच चुकत नाही.

मग तो हळूच म्हणाला, तुलाही कुणी सांगत नाही ना सामना कधी आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

उजेड टोचतो. चार ओळीच लिहायच्या.

युर्वेनची मुलगी आली होती. म्हणाली, डॉक्टरीणबाई, शनिवारी ओरडायला यायचं हं. तिचा डावा डोळा उशिरा हलतो. मला दिसलं. मी काहीतरी सांगणार होते. ती थांबली होती, वाट बघत. मग कपाळावर ओठ टेकवून गेली.

काय सांगणार होते —

४ डिसेंबर

जुने शब्द आठवून बघितले. शिडी, लोणी, पूल, मेंढी, साबण.

पुढचे पाच. होते. मी त्यांना लपवलं होतं. इतकं नीट लपवलं की —

५

क्लबला पत्र लिही. टाकलं. खिडकीत लिहिलंय, टाकलं.

६ डिसेंबर, शनिवार

कपाटात खाली बिस्किटांचा डबा. वर चिठ्ठी, माझं अक्षर: पाठवलेली पत्रं.

आत पत्रं. पाच. तिकिटं लावलेली. पत्ता बरोबर. एकही टाकलेलं —

महिनाभर मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांना माहीतच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी.

घरात कुणी नाही. युर्वेन सकाळीच गेली, क्लबात चहा तिच्याकडे. तिला फोन केला, तर तो इथेच स्वयंपाकघरात वाजला. क्लबचा कुणी उचलत नाही. धावत निघाले. चर्चच्या फाटकापाशी उभी राहिले — का निघाले होते. परत. वही वाचली. पुन्हा निघाले. पुन्हा फाटक.

सामना अडीचला. आता दीड.

इद्वल दारात उभा आहे. पिशवी खांद्याला. विचारतो, येतेस का. त्याच्यामागे निघाले तरी फाटकापाशी विसरून परत फिरेन, मी पोचणार नाही. तो पोचेल. त्याचे पाय — वही त्याच्या पिशवीत, बुटांवर, वरच.

बायकांनो. भाषण नाही. एकच काम. ही वही जिच्या हातात पडेल तिने किटली खाली ठेवावी, दोरी ओलांडून आत जावं, खेळ चालू असला तरी, आणि नऊ नंबरच्या मुलीला दंडाला धरून बाहेर काढावं. ती म्हणेल, मी ठीक आहे. मीही म्हणत होते. डॉक्टर कार्ड दाखवतील. सहा खोटे आहेत. तिची आई तिथेच, चहाच्या टेबलापाशी — युर्वेन, तू विचारलं होतंस, मी —

तो निघतो म्हणतो. थांब, इद्वल, एवढंच.

तिला नावाने हाक मारा. नंबराने ती वळत नाही. जोरात, नावाने. तिचं नाव