रामदासच्या फोटोखाली गुच्छ

दिग्रस, मंगळवार, दिवेलागण

सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर रामदासचा फोटो आला. चष्मा जवळ नव्हता. तिथं रोजच कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, म्हणून मी खाली फुलांचा गुच्छ दाबला आणि चहा पीत बसलो. आता चष्मा लावून वाचलं, तर रामदास गेल्याचा निरोप. जन्माचा दोस्त, आणि मी गुच्छ पाठवला.

पूर्वी मौतीचा सांगावा सायकलवर माणूस आणायचा. उंबऱ्याबाहेरूनच सांगायचा, पाणीही न पिता पुढच्या गावाले निघायचा. जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. कधी तो पोचेपर्यंत माती होऊन जायची. पण तोंडाकडे पाहून सांगायचा. त्याच्या हातावर गुच्छ ठेवला असता का कोणी?

दारव्ह्याला रामदासच्या बायकोला, वहिनींना, फोन लावला. "वहिनी, म्या वाचलंच नाही," एवढंच सुचलं.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, वाचलं तर सगळ्यायनं. दिवसभर हात जोडलेले चित्रं येऊन राह्यलते. खांद्याले तिघंच होते. चौथा स्टँडवरचा जीपवाला. त्याले तुमच्या दोस्ताचं नावही माहीत नव्हतं."